वाटेवरचा आडोसा

तेराव्याचे पाहुणे परवा गेले. काल मांडववाला येऊन सतरंज्या आणि पातेली घेऊन गेला. सुनंदा अजून आहे, पण लेकीलाही तिचं घर आहे. तीही आता मंचरला जाईल. ओटीवर तुझी बाज असायची तिथं नुसती जमीन दिसते. बाज मी मागच्या पडवीत उभी करून ठेवलीय. कोणी काही विचारलं की उत्तर देतो, वाढलं की जेवतो. पण बसल्या जागी थकवा येतो. काम काहीच केलेलं नसतं, तरी येतो.

तुला पत्र असं मी कधी लिहिलं नाही. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात आपण एकमेकांपासून लांब राहिलो ते एकदाच, अकरा दिवस. तेव्हाही मी साधं कार्ड टाकलं नव्हतं, कारण मी रागात होतो. तो राग किती बिनबुडाचा होता हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर तुझ्याशी नीट बोलायला हवं होतं. त्याऐवजी आपण भांडलो, तेही अर्धंच, आणि आता ते पुरं करायला तू नाहीस. तुला अक्षरओळख मीच करून दिली होती, घाटघरच्या शाळेत, पोरं घरी गेल्यावर. जोडाक्षरांचा तुला कंटाळा यायचा. जमेल तेवढं सोपं लिहितो.

मी रिटायर झालो तेव्हा मला वाटलं होतं, आता फिरायचं. नोकरीभर जुन्नर तालुक्यात बदल्या झाल्या. आपलं फिरणं म्हणजे टेंपोत सामान भरणं आणि उतरवणं. लोणीला येऊन घर दुरुस्त केलं, मागं संडास बांधला, आणि मी नकाशे घेऊन बसलो. म्हातारपणी प्रवास कसा करावा यात मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. बसमध्ये चाकावरची सीट घ्यायची नाही, दणके बसतात. गोळ्या दोन ठिकाणी ठेवायच्या, एक पुडी तुझ्या पिशवीत, एक माझ्या खिशात. नाव, गाव, आजार लिहिलेली चिठ्ठी दोघांच्याही अंगावर हवी. हवेची उशी, काठीला नवं रबर, उन्हाच्या आत मुक्काम गाठायचा. गावातले पेन्शनर यात्रेला निघायच्या आधी माझ्याकडं येऊन बसायचे. मी त्यांना यादी काढून द्यायचो. तू आत भाकरी थापताना ऐकायचीस आणि एक शब्द बोलायची नाहीस.

तुला म्हटलं की चल, तर तू म्हणायचीस, "तुमीच जावा. मला गाडी लागती."

तुला गाडी लागलेली मी कधीच पाहिली नव्हती. पुढच्या खेपेला कारण गुडघ्याचं असायचं, त्याच्या पुढच्या खेपेला म्हशीचं, मग सुनंदाच्या बाळंतपणाचं. जाणं टळण्यासारखं नसलं, लग्न असलं, मयत असली, तर तू यायचीस. पण आदल्या संध्याकाळपासून तुझं खाणंपिणं बंद. मी पाणी उकळून, गार करून बाटली भरून घ्यायचो. वाटेत तुझ्या हातात द्यायचो. तू ओठ ओले करून परत द्यायचीस. मला वाटायचं उपास असेल. तुझे उपास इतके होते की कुठला कधी, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. भरलेली बाटली भरलेलीच घरी आली की मला राग यायचा, हे मात्र खरं.

मग ती दक्षिणेची सहल निघाली. मंचरहून खासगी गाडी, अकरा दिवस, रामेश्वर आणि कन्याकुमारी. मी दोघांची नावं दिली. निघायच्या आठवडाभर आधी तू नाही म्हणालीस. कारण धड सांगितलं नाहीस, आणि मी तिरीमिरीत एकटा गेलो. तिथं तीन समुद्र एकत्र बघितले आणि मनात म्हटलं, हिला काही बघायचंच नाही, हिचं नशीब.

परत आल्यावर मी तुला सगळं वर्णन करून सांगत होतो. देवळांची लांबी, रुंदी, खांब. तू तांदूळ निवडत होतीस. मी थांबलो तेव्हा तू एकच विचारलंस.

"गाडी थांबायची तितं आडोसा व्हता का?"

मी म्हणालो, "आडोसा कशाला? गाडीला पडदे होते. ऊन अजिबात लागत नव्हतं."

तू मान हलवलीस आणि परत तांदूळ निवडायला लागलीस. मला ते तुझं बोलणं कित्येकदा आठवलं आहे. तू मला दार उघडून दिलं होतंस आणि मी पडद्याची गोष्ट सांगत होतो.

पुढं तीन-चार वर्षांनी तुझ्या माहेरी, निमगाव साव्याला, तुझ्या भाच्याचं लग्न होतं. वैशाख होता. सकाळी जाताना तू बरी होतीस. लग्न उशिरा लागलं, आणि परतीची वडाप जीप भरेपर्यंत आपण तासभर उन्हात उभे राहिलो. जीपमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस. चारचौघांत तू असं कधी केलं नव्हतंस, म्हणून मी आधी अवघडलो. मग बघितलं तर तुझे डोळे फिरले होते.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सलाइन लावलं. अंगात ताप होता, लघवीला जळजळ होती, आणि ती कितीतरी दिवसांची होती. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तुझ्याशी बोलत बसल्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या.

"गुरुजी, या पाणी पीत नाहीत."

"घरी पिते," मी म्हणालो. "प्रवासात नाही पीत. उपास असतात तिचे."

"उपास नाहीत. वाटेत जायला जागा नसते म्हणून त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतात. किती वर्षं विचारलं, तर म्हणाल्या लग्न झाल्यापासून."

"मला कधी बोलली नाही."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही वाटेत कुठं जाता?"

मी म्हणालो, "मी? मी काय, कुठंही."

त्या चष्मा पुसत उभ्या राहिल्या. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, कित्येक पोरांना कान धरून उभं केलं. त्या दिवशी मला कळलं की उत्तर देऊन झाल्यावर ते चुकलं हे आपलं आपल्याला कळतं तेव्हा पोराला कसं वाटत असेल.

संध्याकाळी सुनंदा डबा घेऊन आली. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "अप्पा, यात माहीत असायचं काय? समद्याच बायका असं करतात. मीपण करते."

ती डबा उघडत होती, भात-वरण वाढत होती, आणि सहज बोलत होती. माझी लेक, माझ्यासमोर वाढलेली. मी तिलाही कधी विचारलं नव्हतं.

तू घरी आलीस, बरी झालीस. त्यावर आपण बोललो नाही. तू बोलणार नव्हतीस, आणि मला तोंड नव्हतं. पण पावसाळा संपल्यावर मी एक काम हाती घेतलं, तुला न सांगता. तुला घाटघरला न्यायचं होतं. माझी पहिली नेमणूक तिथली. तू नवी नवरी होऊन तिथं आलीस आणि तीन वर्षं राहिलीस. तिथली हौसाबाई तुझी मैत्रीण. सुनंदा झाली तेव्हा तिनंच तुला धरलं होतं. बदली होऊन निघालो तेव्हा तू तिला म्हणाली होतीस, पुढच्या वर्षी येते. त्याला पस्तीसहून जास्त वर्षं उलटून गेली होती. कधी कोणी घाटघरचं भेटलं की तू एवढंच विचारायचीस, "हौसा हाय ना?"

लोणी ते घाटघर. मंचर, नारायणगाव, जुन्नर, आपटाळे, मग घाटाकडची चढण. मी माझी एम-एटी मोपेड काढली, वही घेतली आणि वाटेवरची घरं शोधायला लागलो. मंचरला सुनंदाचं घर, तिथं प्रश्न नव्हता. नारायणगावला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं खताचं दुकान आणि मागं घर. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडं तीन कप चहा प्यालो, त्याच्या टोमॅटोची चौकशी केली, आणि न विचारताच परत आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. म्हटलं, "तुझ्या घरात संडास आहे का रे?"

तो म्हणाला, "हाय ना गुरुजी. या इकडनं. काल पण त्यासाठीच बसला व्हता का? आधी सांगायचं न्हाई का, राव."

त्यानं मला हाताला धरून नेलं, बादली भरून दिली आणि दार ओढून घेतलं. मी आत थोडा वेळ उभा राहिलो. एक तांब्या ओतला आणि बाहेर आलो. मग त्याला खरं सांगितलं. तो हसला नाही. बायकोला हाक मारून म्हणाला, "बाई कधीपण येतील गं, दार उघडं ठेव." हे मी तुला नंतर सांगितलं तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसली होतीस, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

जुन्नरला मात्र माझी पुरती जिरली. तिथं मला रशीदाभाभीचं घर आठवलं, मण्यारांचं. पुढं बांगड्यांचं दुकान, मागं राहतं घर. आपण जुन्नरजवळच्या शाळांवर असताना तू दर बाजाराला तिच्याकडं बांगड्या भरायला जायचीस. मी कुरकुरायचो, की आठ दिवसांत बांगड्या फुटतात कशा. तू म्हणायचीस, "काम करनाऱ्या बाईच्या फुटत्यात."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. भाभी आता म्हातारी झाली होती, पण तिनं ओळखलं. मी अडखळत अडखळत विषय काढला. ती ऐकून घेत होती, हातातल्या बांगड्या दोऱ्यात ओवत होती.

"मास्तर, तुमाला आत्ता कळलं?" ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी खेड्यावरच्या बायका सकाळी येतात, संध्याकाळी जातात. कुठं जाणार त्या? आमच्या सासूनं मागचं दार उघडं ठेवलं होतं, मी पण ठेवते. निम्म्या जणी बांगड्या भरायच्या निमित्तानं येतात. फुकट कसं जायचं म्हणून दोन बांगड्या भरतात. तुमची बाई पण त्यातलीच."

मी पायरीवरून उठलो. ती म्हणाली, "घेऊन या तिला. लई वर्षं झाली. बांगड्या नाही भरल्या तरी चालेल, सांगा."

जुन्नरहून लोणीला गाडी चालवत आलो ते कसा आलो मला आठवत नाही. तुझ्या हातातल्या बांगड्यांवर मी किती वेळा बोललो होतो ते मात्र सगळं आठवत होतं.

आपटाळ्याला एका शिक्षिकेचं घर मिळालं. तिथून पुढं घाटघरपर्यंत काही नव्हतं. तेवढ्यासाठी गावातल्या सुताराकडून एक खुर्ची करून घेतली, बसायच्या जागी भोक पाडलेली, पाय दुमडणारी. तुझे गुडघे उकिडवं बसायला देत नव्हते. सुतार म्हणाला, "गुरुजी, हितं बसनार कोन?" मी म्हणालो, "राणी." त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण कड चांगली घासून गुळगुळीत करून दिली. चार काठ्या आणि दोन जुनी लुगडी घेतली, आडोशाला.

मग एका संध्याकाळी वही तुझ्यासमोर ठेवली. तू एकेक ओळ बोट लावून वाचलीस. मंचर, सुनंदा. नारायणगाव, खताचं दुकान. जुन्नर, रशीदाभाभी. तिथं तुझं बोट थांबलं.

"भाभी बोलली व्हय," तू म्हणालीस.

"बोलली."

"मग आता तुमी मला पानी पाजणार."

"पाजणार."

तू वही मिटलीस. "हौसा हाय ना पर? का न्हाई?" म्हणालीस. मी म्हणालो, आहे, निरोप आलाय, एका डोळ्यानं दिसत नाही पण आहे.

मार्गशीर्षात आपण निघालो. दत्तूची कमांडर जीप घेतली. दत्तू पन्नाशीचा, घरात आई म्हातारी, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. मी फक्त म्हणालो, बाई म्हणतील तिथं गाडी थांबव. त्याची एक पद्धत होती. गाडी थांबली की तो उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि त्यात डोकं घालून उभा राहायचा. तू परत येऊन बसलीस आणि दार लागल्याचा आवाज आला की मगच बॉनेट बंद करायचा. तुला वाटलं गाडीच नादुरुस्त आहे. आपटाळे सोडल्यावर म्हणालीस, "घाट चढंल का ही?" दत्तू म्हणाला, "बाई, इंजिन चकाचक हाय. तुमी बिनघोर बसा."

तू वाटेत पाणी प्यालीस. मी बाटली दिली आणि तू ती तोंडाला लावून घटाघटा प्यालीस, आणि पदरानं तोंड पुसलंस. मी खिडकीतून बाहेर बघायचं सोंग केलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ काही बघितलं, ते तीन समुद्रसुद्धा. तू जीपमध्ये बसून पाणी पितेस हे बघताना मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

घाटघरला भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. हौसाबाई ओट्यावर हिरडा निवडत बसली होती. तिनं मान वाकडी करून एका डोळ्यानं तुझ्याकडं बघितलं.

"मास्तरीण?"

"व्हय गं."

"म्हातारी झालीस की."

"तू काय तरनी राहिलीस का?"

मग तुम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलात आणि मला कोणी विचारलं नाही. मी दत्तूला घेऊन जुनी शाळा बघून आलो. परत आलो तर तुम्ही दोघी ओट्यावर नव्हतात. हौसाबाईची सून म्हणाली, "वढ्याकडं गेल्यात." मी खुर्चीचं आणि काठ्यांचं गाठोडं सोडायला लागलो. सून हसली. म्हणाली, "मास्तर, ठिवा ते. म्हाताऱ्या आपल्या वाटंनं जातील."

लांब बांधावर तुम्ही दोघी दिसत होतात. एकीला डोळा नाही, एकीला गुडघे नाहीत. एकमेकींना धरून, थांबत, बोलत चालला होतात. रात्री मुक्कामाला तू मला सांगितलंस की त्या तीन वर्षांत हौसाबाई रोज पहाटे तुला त्या ओढ्याला न्यायची. तू झुडपाआड आणि ती वाटेवर पाठ करून उभी, कोयता घेऊन. तू अठरा वर्षांची होतीस. "तितं मला कधी भ्या वाटलं न्हाई," तू म्हणालीस. "पुढं गावं बदलली, पर हौसा कुटं व्हती?"

मी त्या वेळी झोपलेला असायचो. नाहीतर हजेरीपटावर सह्या करत असायचो.

परतीच्या वाटेवर आपलं ते भांडण झालं. सुरुवात मीच केली. मी म्हणालो, "एकदा सांगायचं होतंस. मी काय वाघ होतो?"

तू म्हणालीस, "तुमी एकदा तरी इचारलं का? तुला जायचंय का, म्हून?"

"मला कसं सुचणार? तू बोलायला हवं होतंस."

"मी बोलाया लागले तवा तुमी पडद्याचं सांगितलं."

"ते बोलणं होतं का? आडोसा म्हणजे मला काय कळणार?"

"बायकांनी यापरास उघडं काय बोलायचं असतं?"

दत्तूनं आरसा फिरवून वर केला, म्हणजे आपण त्याला दिसणार नाही. मला अजून बोलायचं होतं. तुलाही असणार. पण जुन्नर आलं, भाभीच्या दारात गाडी थांबली, आणि तू उतरलीस. परत आलीस तेव्हा तुझ्या दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या बघून मी गप्प बसलो. तो विषय पुढं आपण कधीच काढला नाही. मी वाट बघत होतो की तू काढशील. आता वाटतं, तूही माझी वाट बघत असशील.

त्यानंतर आपण पाच-सहा वेळा बाहेर पडलो. लांब कुठं नाही. ओझर, लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत, एकदा पुण्याला. दर वेळी वही, दर वेळी वाटेवरची घरं. तुला आता सवय झाली होती. तूच म्हणायचीस, "बाटली घेतली का?" समुद्र बघायचा राहिला होता. कोकणातल्या एका गावात खाली राहायची सोय असलेलं घर मी ठरवून ठेवलं होतं, पायऱ्या नसलेलं, न्हाणीघर खोलीला लागून. थंडीत जायचं होतं.

श्रावणात तुझे पाय सुजायला लागले. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, पुण्याला पाठवलं, तिथूनही तेच सांगितलं. मूत्रपिंडं थकलीत. मी डॉक्टरबाईंना एकटं गाठून विचारलं, "हे त्यामुळंच का? पाणी न पिण्यामुळं?" त्या म्हणाल्या, "साखर आहे, वय आहे, जुना संसर्ग आहे. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही, गुरुजी." त्या चांगल्या बाई आहेत. त्यांनी मला सुटका दिली. मला ती घेता येत नाही.

आणि मग ते पाण्याचं मोजमाप सुरू झालं. दिवसाला तीन पेले, चहा-औषध धरून. तुला पाणी द्यायचं नाही हे काम माझ्याकडं आलं. मी पेल्यावर खूण केली होती. तू मागायचीस, मी घड्याळ बघायचो. एकदा तू म्हणालीस, "आत्ता कुटं पानी गोड लागाया लागलं व्हतं." रागानं नाही म्हणालीस. मी बाहेर जाऊन गोठ्यात उभा राहिलो. म्हैस विकून दोन वर्षं झाली होती, रिकामा गोठा होता.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता मोजू नका, मागतील तेवढं द्या. तेव्हा तू मागत नव्हतीस. मी चमच्यानं घालायचो, ते कडेनं ओघळायचं. तुझ्या हातावर हात ठेवून मी बोलायचं ठरवलं होतं. रोज ठरवायचो. इतकंच म्हणायचं होतं, की विचारायचं काम माझंच होतं. सांगणं तुझ्यासाठी जेवढं जड होतं तेवढं विचारणं माझ्यासाठी नव्हतं. मला फक्त सुचायला हवं होतं. पण सुनंदा असायची, शेजारपाजारचे यायचे, आणि खरं सांगायचं तर मी दमलेला असायचो. तुला उचलून, पुसून, कूस बदलून मी बाजेशेजारी बसलो की डोळे मिटायचे. त्यातच एका दुपारी तू गेलीस. मी जागा होतो, पण बोललो नव्हतो.

हौसाबाईला निरोप धाडला. तिची सून फोनवर म्हणाली, आईनं ऐकून घेतलं आणि हिरडा निवडत बसली, जेवली नाही.

आज सकाळी आपले जावई अशोकराव सुनंदाला न्यायला आले. चहा झाल्यावर वही-पेन घेऊन माझ्याजवळ बसले. त्यांच्या आईला मंचरच्या एका सहलीबरोबर काशी-प्रयागला पाठवायचं चाललंय. बारा दिवस. "अप्पा, वेळ बरोबर न्हाई, कळतंय मला," ते म्हणाले, "पर नावं उद्या द्यायचीत. तुमची ती यादी एकदा सांगा."

मी सांगितली. सीट, गोळ्या, चिठ्ठी, उशी. त्यांनी उतरवून घेतली. मी मध्येच थांबलो.

"आईंना विचारलंत का?"

"जायचं का म्हून? विचारलं की. लई आनंदात हाय."

"ते नाही. गाडीत, वाटेत, त्यांची अडचण काय होते ते."

त्यांच्या लक्षात आलं. पेन फिरवत बसले. "ते काय, सुनंदा विचारील. बायका-बायकांचं असतं ते."

"सुनंदा विचारील. पण पाठवताय तुम्ही. तुम्ही विचारा."

"मी? आईला? मी कसं विचारू, अप्पा?"

"मलाही जमलं नव्हतं," मी म्हणालो. त्यापेक्षा जास्त बोलायचं माझ्यात त्राण नव्हतं.

त्यांनी वही मिटली. मग उठले. आपल्या घरात मोबाइलला रेंज येत नाही, अंगणातल्या टाकीजवळ येते. तिथं जाऊन उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून. "आई, जेवलीस का?" मग गाईचं काहीतरी. मग लाइट आली का. मग ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं रेंज गेली. मोबाइल त्यांच्या कानालाच होता. दुसऱ्या हाताच्या नखानं ते टाकीवरचं शेवाळ खरवडत होते.

मग आवाज खाली करून म्हणाले, "आई, एक इचारायचं व्हतं."

पुढचं माझ्या ऐकण्याचं नव्हतं. मी उठून आत आलो.